काटा पंचेचाळीसच्या पुढं गेला की

आमच्या कंपनीच्या बसमध्ये दाराजवळची पहिली एकेरी सीट कायम रिकामी असायची. बाकी बस इतकी भरलेली की न्हावऱ्याला चढणारी पोरं रांजणगावपर्यंत एका पायावर उभी राहायची, पण त्या सीटवर कुणी टेकत नसे. तिच्यावर काळ्या घोंगडीचा एक चौकोनी तुकडा अंथरलेला असे. नवीन माणूस चढला, मोकळी जागा बघून खूश झाला आणि बसायला वाकला की ड्रायव्हरमामा आरशात बघून शांतपणे म्हणायचे, "जागा हाय ती."

"कुणाची?"

"हाय म्हटलं न्हवं."

एवढ्यावर विषय संपे. मामा रागावत नसत, आवाजही चढवत नसत. पण पुढचा प्रश्न विचारायची इच्छा मात्र माणसाची आपोआप मरून जाई.

मी पाटसला बसमध्ये चढायची. वडील साखर कारखान्यात होते, आणि मला रांजणगावच्या एका कंपनीत पर्सोनेल खात्यात नोकरी लागली होती. म्हणजे हजेऱ्या, रजा, आणि मुख्यतः लेट मार्क. हे लेट मार्क का पडत, तर मामा बस पंचेचाळीसच्या वर नेत नसत म्हणून. रस्ता मोकळा असो, उतार असो, पारगावच्या पुलापलीकडचा सरळसोट पट्टा असो, काटा पंचेचाळीसला टेकला की मामांचा पाय वर यायचा. उसाने लादलेले ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जायचे आणि त्यावरची पोरं आमच्याकडे बघून हात हलवायची. कामगार मामांना शिव्या देत, पण त्यांच्या माघारी. आणि लेट मार्कावरून भांडायला मात्र माझ्या टेबलाशी येत. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तसला प्रकार.

मामा गाडी अनवाणी चालवत. जाड तळाच्या करकरणाऱ्या वहाणा त्या रिकाम्या सीटखाली जोडीने ठेवत, बोटं दाराकडे करून. "पायाला कळाय पायजे," म्हणायचे. काय कळायला पाहिजे ते सांगायचे नाहीत. उंच, काटकुळा माणूस, खाकी शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातसुद्धा लावलेली, आणि कपाळावर भंडाऱ्याचं बोट. जात धनगराची. घर न्हावऱ्याच्या अलीकडे वस्तीवर. मेंढरं त्यांनी केव्हाच विकली होती आणि चार एकरात ज्वारी-कांदा करत होते. पण अंगाला मेंढरांचा वास होता. तो त्यांच्या अंगाचा की त्या घोंगडीचा, ते मला पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही.

आमच्याकडे पुण्याहून एक नवे साहेब आले होते. त्यांची गाडी बिघडली म्हणून एक दिवस ते बसने आले आणि सरळ त्या सीटवर बसले. मामा म्हणाले, "जागा हाय ती." साहेब म्हणाले, "असेल. आता मी बसलोय." मामांनी बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले. ना वाद, ना तक्रार. आत माणसं घामाने भिजली, पाळीचा भोंगा होऊन गेला, साहेबांनी दम दिला, मग विनवणी केली. मामा बाभळीचा काटा घेऊन दात कोरत होते. शेवटी साहेब उठले आणि उभे राहिले, तेव्हा मामा आत आले, घोंगडीची सुरकुती हाताने साफ केली आणि गाडी सुरू केली.

साहेबांनी ठेकेदाराकडे तक्रार केली आणि आम्हाला दुसरा ड्रायव्हर मिळाला. तरणाबांड, टेपवर गाणी लावणारा. आठवडाभर आम्ही वेळेवर पोचलो. मग एका सकाळी त्याने बस नाल्यात घातली. कुणी मेलं नाही, पण बऱ्याच जणांच्या कपाळाला टाके पडले, आणि त्यात साहेबांचा लाडका सुपरवायझर होता. मामा परत आले. सीटवर पुन्हा घोंगडी आली.

मेंढरं रस्त्यात आली की मात्र मामांचं वागणं बघण्यासारखं असे. दुसरे ड्रायव्हर हॉर्न वाजवत कळपातून गाडी घालतात. मामा लांबूनच इंजिन बंद करत. खाली उतरत. रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहत, आणि शेवटचं लंगडं कोकरू पार होईपर्यंत हलत नसत. मागे गाड्यांची रांग लागे, लोक ओरडत. मामांना जणू ऐकूच येत नसे.

"अहो, मधे फट होती की," एकदा मी म्हणाले. "सहज निघाली असती गाडी."

मामा माझ्याकडे वळले. एवढे घाबरलेले डोळे मी कुणाचे पाहिले नव्हते.

"कळप तोडू न्हाई ताई. निम्मी मेंढरं पल्याड गेली की अल्याडची ऱ्हात न्हाईत. फुडं गाडी असू दे न्हाईतर इहीर असू दे, ती उडी मारत्यात. त्यांना कुणी आवरू शकत न्हाई."

मी विषय सोडला. पण पंचेचाळीसचा विषय सोडणं मला परवडत नव्हतं, कारण माझं टेबल त्याने भरत होतं. म्हणून एकदा मी खरंच विनवलं, की मामा, निदान पन्नास तरी करा.

"काटा पंचेचाळीसच्या फुडं गेला की गाडीत माणूस वाढतं," मामा म्हणाले.

"वाढतं म्हणजे?"

"म्हंजी वाढतं. मोजून बघा कवातरी."

मी हसले. आमच्या घरी भुताखेतांना थारा नव्हता. वडील म्हणायचे, भूत असतं तर त्यालाही ऊस तोडायला लावला असता. तेव्हा हे मी मामांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यावर टाकलं आणि मैत्रिणींना जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगितलं.

मग ती सकाळ आली. पॅकिंगमधली एक बाई, सातवा महिना लागलेला, पारगावचा पूल ओलांडल्यावर एकदम कळवळायला लागली. खाली रक्त. बायकांनी आरडाओरडा केला. मामांनी एकदा मागे बघितलं, एकदा त्या रिकाम्या सीटकडे बघितलं, आणि पाय दाबला. काटा साठ, सत्तर, ऐंशी. त्या जुन्या बसमध्ये एवढा जीव असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रांजणगावचा फाटा सोडून आम्ही सरळ शिरूरकडे धावत होतो.

मी दाराजवळच्या दांड्याला धरून उभी होते, त्या सीटच्या अगदी शेजारी. रोज पंचेचाळीसच्या वेगातसुद्धा वळणावर घोंगडी घसरायची आणि मामा डावा हात लांब करून ती सारखी करायचे. त्या दिवशी प्रत्येक वळणाला डबे घसरले, पिशव्या घसरल्या, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. घोंगडी हलली नाही. रेक्झिनच्या गुळगुळीत सीटवर ती दाबून धरल्यासारखी होती, आणि मधोमध जरा खोल गेली होती.

दवाखान्यात ती बाई वाचली, पोरही वाचलं. सगळे उतरल्यावर मी परत बसपाशी गेले. मामा दार उघडं ठेवून स्टिअरिंगवर बसले होते.

"सगळे उतरले मामा."

"मोजलं?"

"मोजायचं काय त्यात? रिकामी आहे गाडी."

त्यांनी आरशात बघितलं. मग मान खाली घातली आणि हळू म्हणाले, "व्हय. गेला आता. बोलाय लागला व्हता, तेवढ्यात दवाखाना आला."

मला भीती वाटली, सरळ सांगते. त्यानंतर मी ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचं बंद केलं.

पुढच्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहात एका टायर कंपनीने आमच्याकडे सोडत ठेवली. आसपासच्या कारखान्यांच्या गाड्यांवरचे जे ड्रायव्हर विनाअपघात चालवत होते, त्यांची नावं एका डब्यात. बक्षीस असं, की नगरच्या पलीकडे माळावर गाड्यांची चाचणी घ्यायचा एक ट्रॅक आहे, तिथे एक दिवस परदेशी स्पोर्ट्स कार चालवायला मिळणार, फुकट. कँटीनमध्ये मोठ्या साहेबांच्या बायकोने चिठ्ठी काढली, आणि नाव वाचलं ते मामांचं.

सगळी कँटीन हसून हसून लोळायला आली. "मामा, पंचेचाळीसनं चालवा हां, रेस जिंकाल!" कुणीतरी ओरडलं. तरण्या ड्रायव्हरांची तर जळफळाट होऊन झोप उडाली. एकाने बक्षिसाच्या बदल्यात मिक्सर देऊ केला. दुसऱ्याने गाभण शेळी.

मामा कोपऱ्यात चहा पीत होते. बशी खाली ठेवून ते माझ्यापाशी आले.

"ताई, त्या टिरॅकवर आडवं काय येतं?"

"काही नाही येत. चहूबाजूंनी कुंपण असतं."

"मेंढरं?"

"नाही."

"माणूस?"

"नाही मामा."

"कुत्रं बी न्हाई?"

"कुत्रंसुद्धा नाही."

"आन् माझ्या गाडीत पॅसिंजर?"

"नसतो. एकट्याने चालवायची."

"मंग जायाचं," मामा म्हणाले.

भित्तिपत्रकासाठी फोटो काढायचं काम माझ्याकडे असल्यामुळे कंपनीने कॅमेरा देऊन मलाच बरोबर पाठवलं. बरोबर मामा होते म्हणून घरच्यांचीही हरकत नव्हती. आत्ताच सांगून टाकते, की फोटोंमध्ये पुढे काहीही निघालं नाही. पिवळी गाडी आणि भकास माळ, एवढंच. वाचणाऱ्याने त्याची वाट बघू नये.

कंपनीची जीप मामाच चालवत होते, अर्थातच पंचेचाळीसने. मी मागे बसले होते, कारण पुढच्या सीटवर घोंगडी होती. शिरूर गेलं, घोडनदीचा पूल ओलांडला, आणि मामा न विचारताच बोलायला लागले. रस्त्याकडे बघत, सपाट आवाजात.

"माझा धाकला भाऊ व्हता. मी उसाच्या टरकावर, त्यो मेंढरामागं. आमच्या दोघांची एक खूण व्हती ल्हानपणापास्नं. मी लांबनं टरक घिऊन येताना दिसलो की त्यानं काठी आडवी धरली म्हंजी थांब, मेंढरं येत्यात. उभी वर धरली म्हंजी ये, वाट मोकळी हाय. त्या दिशी दुपार व्हती. रिकामा टरक, मी खुशीत. काट्याकडं बघितलं तवा पंचेचाळीस व्हता. मंग फुडं बघितलं तर धाकला कडेला हुभा, आन् त्यानं काठी उभी केली. वर. मी पाय दाबला."

जीप एका बैलगाडीमागे रेंगाळली. मामांनी तिला ओलांडलं नाही.

"निम्मा कळप पल्याड गेला व्हता. निम्मा अल्याड. मधनं मी गेलो. अल्याडच्या एडक्यानं उडी टाकली, आन् त्याला धराया धाकला आला."



"कोरटानं सोडलं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "आईनं येकच इचारलं, काठी कशी धरली व्हती? मी म्हटलं, उभी. आई म्हणली, निम्मा कळप अल्याड ठिवून तुला ये म्हणायला माजं लेकरू येडं व्हतं का? तू खोटा बोलतोयास. त्या दिशीपास्नं आई माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी देती, कापडं धुती. बोलत न्हाई. आमच्या कुत्र्याला सांगती, मोत्या, त्याला म्हणावं जेव. आता तर मलाच कळत न्हाई ताई, उभी व्हती का मला तशी दिसली."

"आणि तो येतो?" मी विचारलं.

"गाडी पंचेचाळीसच्या फुडं गेली की येतो, खाली आली की जातो. बसतो, फुडं बघतो. बोलाय येळ लावतो, ल्हानपणापास्नं तसाच. आता बसमदी माणसं असत्यात. दुसऱ्यांच्या जिवावर मी किती येळ पळवू? मला त्याला येकच इचारायचं हाय. पर त्याला मोकळा रस्ता पायजे."

हे सगळं ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की एखाद्या पाहुण्याला एसटीवर आणायला निघालेत असं वाटावं.

ट्रॅक म्हणजे माळावर घातलेलं डांबराचं लांबट कडं. झाड नाही, सावली नाही. भर बाराची वेळ, डांबरावर ऊन लवलवत होतं. गाडी पिवळीधमक होती आणि इतकी बुटकी, की मामा तिच्याभोवती फिरून म्हणाले, "भंडाऱ्याचा रंग हाय. पर ही बसायची का झोपायची?" मुंबईहून आलेला एक शिकवणारा पोरगा होता, काळा चष्मा लावलेला. त्याने मामांना बूट घालायला लावले. मामांनी मुकाट्याने घातले. मग तो स्वतः डाव्या सीटवर जाऊन बसला आणि गाडीत टिंग टिंग घंटी वाजायला लागली.

"सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट नाही लावला, तर ही वाजत राहते," त्याने पट्टा लावला. घंटी थांबली. "चलो अंकल. एन्जॉय."

मामा उतरून माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता. "ताई, त्यो पॅसिंजर बसलाय की."

मी त्या पोराला म्हटलं, त्यांना एकट्याला चालवायचं आहे. तो म्हणाला, तसा नियम नाही. मी दोनदा सांगून पाहिलं, त्याने मान हलवली. मामा परत आत बसले, घोंगडी मांडीवर घेऊन.

आणि त्यांनी ती दीड कोटीची गाडी पंचेचाळीसने चालवली. एक फेरी. दुसरी. तिसरी. त्या पोराने विनवलं, ओरडला, डॅशबोर्डवर हात आपटला. गाडी आमच्यासमोरून जाताना मला त्याचं तोंड दिसत होतं. चौथ्या फेरीनंतर तो दार उघडून बाहेर पडला.

"मॅडम, इससे अच्छा तो मैं बैलगाडी में बैठता. जाऊ दे, एकटे फिरू देत. काय होणार आहे?" आणि तो पत्र्याच्या शेडखाली थंड बाटली उघडायला गेला.

मामांनी ते मुद्दाम केलं होतं का, मला आजही सांगता येणार नाही. पण मी बघितलं, की त्यांनी बूट काढून सीटमागे ठेवले, घोंगडी डाव्या सीटवर नीट अंथरली, आणि गाडी हळू पुढे नेली. पहिल्या वळणापर्यंत पंचेचाळीस. मग ती गेली.

तो आवाज मी विसरणार नाही. मागच्या डोंगरावरून तो परत यायचा आणि पुढच्या आवाजाला मिळायचा, म्हणजे एक नाही तर दोन गाड्या धावताहेत असं वाटायचं. पिवळा पट्टा समोरून सरकन जायचा आणि त्यामागून वारा यायचा. त्या पोराच्या हातची बाटली पडली. तो धावत कडेला आला, लाल झेंडा हलवू लागला, "अंकल! स्लो! स्लो!" ओरडू लागला. पण गाडी डगमगत नव्हती. एवढ्या वेगातही ती वळणं अशी घेत होती, जणू बाजूला बसलेल्याला धक्का लागू नये म्हणून कुणी जपून चालवतंय.

"क्या ड्रायविंग है," तो पोरगा पुटपुटला आणि त्याने झेंडा खाली केला.

तेवढ्यात पलीकडच्या सरळ पट्ट्यावर गाडी थांबली. मधोमध, काही कारण नसताना. उन्हाच्या लवलवीत ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. आत काय चाललंय दिसत नव्हतं. एक चिटपाखरू नव्हतं त्या माळावर. मग ती पुन्हा निघाली, पुन्हा तसाच वेग घेतला, आणि नंतर मी मोजणं सोडून दिलं इतका वेळ ती फिरत राहिली. शेवटी ती मंदावली, पंचेचाळीसवर आली, आणि आमच्यासमोर अलगद उभी राहिली.

पोरगा डाव्या दाराकडे धावला आणि त्याने ते उघडलं. डाव्या सीटवर फक्त घोंगडी होती. आणि तिच्यावरून आडवा, नीट अडकवलेला पट्टा.

"ये बेल्ट किसने लगाया? मी उतरताना काढला होता."

"घंटी वाजाय लागली व्हती," मामा म्हणाले. "थांबत न्हवती. म्हणून गाडी हुभी केली आन् लावला."

पोरगा हसला, मग त्याचं हसू थांबलं. त्याने पट्टा काढला. घंटी वाजली नाही. त्याने घोंगडी उचलली, परत ठेवली, दाबून ठेवली. घंटी गप्प. मग तो स्वतः बसला, आणि टिंग टिंग सुरू झालं. "सेन्सर खराब होगा," तो म्हणाला, पण एकदम उठला आणि हात पँटला पुसले. मी दारातून वाकले होते. नव्या चामड्याच्या वासाच्या त्या गाडीत ओल्या लोकरीचा वास येत होता. घोंगडी हातात घेतली, तर ती कोरडी ठणठणीत होती.

परत निघताना मी जीपचं मागचं दार उघडलं. मामा म्हणाले, "फुडं बसा ताई."

"पुढे?"

"व्हय. जागा मोकळी हाय आता."

मी बसले. घोंगडीची घडी करून मामांनी मागे ठेवली होती. शिरूरपर्यंत मला त्या सीटला पाठ टेकवण्याचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बसमधल्या त्या सीटवर जो आधी चढेल तो बसू लागला, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावरून भांडणंही सुरू झाली. मामा तरीही पंचेचाळीसनेच चालवत. माझे लेट मार्क तसेच राहिले. "आता का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "सवय ओ ताई. आन् मेंढरं हायेतच की रस्त्याला." पुढे माझं लग्न झालं, नोकरी सुटली, मामाही गेले असं कानावर आलं. अंथरुणावर, झोपेत.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली.

न्हावऱ्याच्या अलीकडे मामांनी जीप वस्तीकडे वळवली. म्हणाले, घोटभर चहा घेऊन जा. दिवस कलला होता. अंगणात एक म्हातारी कांदे निवडत बसली होती. वाळून गेलेली, पण पाठ ताठ. शेजारी पांढरं कुत्रं. मामा दिसताच ती कुत्र्याला म्हणाली, "मोत्या, सांग त्याला, पावणीला खाट टाक म्हणावं."

मामांनी खाट टाकली. मी बसले. मामा उभेच राहिले, अंगणाच्या कडेला, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या बाहेर.

"ताई," ते म्हणाले, "तिला सांगा. मी इचारलं म्हणावं."

मी काय सांगणार होते? एका म्हातारीला, जिचा लेक गेला, तिला मी, भुताखेतांना थारा न देणाऱ्या वडिलांची मुलगी, भुताचा निरोप देणार होते. पण मामांकडे बघितलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. ट्रॅकवरून परतताना वाटेत त्यांनी मला जे सांगितलं होतं ते मी जसंच्या तसं म्हटलं.

"आजी, मामा म्हणतात, काठी उभीच होती. पण ती त्यांच्यासाठी नव्हती. धाकट्याने ट्रक बघितलाच नव्हता. त्याचा खांदा ठणकत होता, म्हणून तो काठी ह्या खांद्यावरची उचलून त्या खांद्यावर घेत होता. तेवढ्यात ती उभी झाली. ती खूण नव्हतीच."

म्हातारीचे हात कांद्यांवर थांबले. कुत्रं उठलं आणि कान टवकारून मामांच्या बाजूला बघायला लागलं. मामांकडे नाही, त्यांच्या जरा डावीकडे, जिथे कुणी नव्हतं.

मग म्हातारीने मान वर केली. कुत्र्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"कंच्या खांद्याचं म्हणला?"

मामांनी स्वतःच उत्तर दिलं.

"डाव्या."

"करट झालं व्हतं," म्हातारी म्हणाली. "सकाळी मीच भाजका कांदा बांधला व्हता. वरनं घोंगडी घेतली त्यानं. म्हणला, आये, कुणाला सांगू नगं, मला आज घरी बशिवतील. म्या कुणालाच सांगितलं न्हाई. तुला बी न्हाई, तुज्या बापाला बी न्हाई."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून ती हळूहळू उठली, दाराशी गेली आणि उंबऱ्यात थांबून वळली.

"हातपाय धू थोरल्या," ती म्हणाली. "भाकरी टाकती."